गावंडे सरांचा हत्ती

अमरावतीत माझ्या ओळखीच्या कोणी रेडिओ किंवा रेकॉर्ड-प्लेअर घ्यायचं ठरवलं की आधी मला निरोप येतो. "तायडे सर, जरा येऊन ऐकून जा." मी जातो. दुकानदार दोन-तीन स्पीकर लावून दाखवतो आणि सगळे माझ्या तोंडाकडे पाहत बसतात. माझे कान चांगले आहेत असा इथल्या लोकांचा समज आहे, आणि तो गावंडे सरांनी पसरवला. सर जाऊन बरीच वर्षं झाली. त्यांच्या हयातीत एक गोष्ट मी त्यांना सांगायला हवी होती. ती सांगितली नाही, म्हणून हे लिहितो आहे.

सर आमच्या कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवत. मी आधी त्यांचा विद्यार्थी होतो आणि मग त्यांच्याच प्रयोगशाळेत डेमॉन्स्ट्रेटर झालो. तिवशाजवळच्या एका खेड्यात त्यांचं घर होतं, काळी जमीन होती. भावांनी शेती सांभाळली आणि हे शिकले. अंगाने आडवे, मान आखूड, बंद गळ्याचा कोट मे महिन्यातही अंगात. वर्गात बोलणं अगदी पुस्तकी, पण हातात उपकरण आलं की तोंडात वऱ्हाडी येई. "हे व्होल्टमीटर काहून रुसून बसलं आज?" असं ते खरोखर व्होल्टमीटरलाच विचारत आणि उत्तराची वाट पाहिल्यासारखे थांबत.

मी पातूरचा. वडील कापसाच्या जिनात हमाली करत. आमच्या घरात मॅट्रिकच्या पुढे गेलेला मी पहिला. सर राजापेठेत भाड्याच्या घरात राहत. तिथे पहिल्यांदा गेलो तेव्हा मी चपलांजवळच उभा राहिलो. आमच्या घरात बुद्धाची तसबीर लागून तेव्हा वर्षही झालं नव्हतं आणि पायांची सवय जुनीच होती. आतून काकूंचा, सरांच्या बायकोचा, आवाज आला, "काहून, तुमचे पाय दुखत नाही का? आत या नं." पाण्याचा पेला देताना त्या माझ्या बोटांकडे पाहत नव्हत्या. सरांशी कशावरून तरी भांडत होत्या आणि भांडता भांडताच पेला माझ्या हातात दिला. त्या दोघांचं माझ्यावर काय काय ऋण आहे हे मोजायला बसलो, तर मी त्या पेल्यापासूनच सुरुवात करीन.

सरांना एकच व्यसन होतं. घरी बसून उत्तम आवाज ऐकायचा. गाणं तर ऐकायचंच, पण त्याहून जास्त आवाज. त्या काळी बहुतेकांच्या घरी रेडिओसुद्धा नव्हता आणि सर मात्र अँप्लिफायर स्वतः जुळवत, स्पीकरच्या पेट्या स्वतः बनवत, मोडत, पुन्हा बनवत. दिसेल त्या वस्तूवर बोटाच्या पेराने टकटक करून पाहायची त्यांना सवय होती. माठ, दार, बाक, एकदा तर प्राचार्यांचं नवं टेबल, प्राचार्य मागे बसलेले असताना.

पेटीसाठी सागवान घ्यायला आम्ही परतवाड्याच्या लाकूड डेपोत गेलो होतो. मेळघाटातले ओंडके तिथे येऊन पडत. सर एका टोकाला कान लावून बसले आणि मी दुसऱ्या टोकाला दगडाने ठोकत होतो. असे पंधरा-वीस ओंडके झाल्यावर तिथला चौकीदार जवळ आला.

"सायेब, ते टरबूज नोहे. सागवान होय."

सर कान न उचलता म्हणाले, "टरबूज कच्चं निघालं तर एक दिवस जाते, बाप्पा. हे कच्चं निघालं तर जन्म जाईन."

ती पेटी झाली. तिच्या आत काहीतरी मऊ भरावं, म्हणजे आवाज आतल्या आत घुमत नाही, असं पुस्तकात होतं. विलायतेत लोकर वापरत. सर म्हणाले, "वऱ्हाडात बसून लोकर धुंडाळाची? आपल्या घरी कापसाच्या गंज्या लागल्या आहे." भावाकडून पोतं आलं. कापूस वेचून आणलेला, तसाच, सरकीसकट. मी म्हटलं, जिनातून सरकी काढून आणतो, वडील तिथेच आहेत. "राहू द्या. सरकीनं वजन येईन. पेटी हालणार नाही." एकदा सिद्धांत मांडला की तो मागे घ्यायचा नाही, हा सरांचा स्वभाव.

दहा-बारा दिवस आवाज खरोखर छान लागला. मग एके सकाळी तबल्याच्या मधूनच खरखर ऐकू यायला लागली. सरांनी अँप्लिफायर उघडला, तारा तपासल्या, एक व्हॉल्व्ह बदलला. काकू स्वयंपाकघरातून आल्या आणि म्हणाल्या, "बंद करून पाहा नं एकडाव." बंद केला. खरखर चालूच होती. सरकी खायला उंदीर आत शिरले होते आणि स्पीकरच्या कागदी पडद्याला बोराएवढं भोक पडलं होतं.

"तुमचा गवई आता पोटभर जेवून गाऊन राहिला," काकू म्हणाल्या.

सर तीन दिवस त्यांच्याशी बोलले नाहीत. चौथ्या दिवशी त्यांनी आपणहून वर्गात सगळी हकीकत सांगितली आणि फळ्यावर मोठ्या अक्षरात लिहिलं : सरकी हा ध्वनिशोषक पदार्थ नाही.

काकूंचं या नादावर एक ठरलेलं बोलणं होतं. "मले सवत आहे," त्या आल्यागेल्याला सांगत. "चार पायाची. तिच्या पोटात कापूस अन माझ्या पोटात आग."

स्पीकर कसा असावा याबद्दल सरांचं मत पक्कं होतं. "स्पीकरनं स्वतःचं काही सांगू नये. दुसऱ्याचं सांगावं अन चूप बसावं." आणि तो पारखायचा कसा? गाणं लावून नव्हे. "सतार कशावरही गोड लागते. माणसाचं बोलणं लावून पाहा." त्यासाठी त्यांच्याजवळ एक टेप होती, त्यांच्या आईच्या आवाजाची.

कॉलेजात भाषांच्या विभागासाठी एक टेपरेकॉर्डर आला होता. दिवाळीच्या सुटीत दुरुस्तीचं निमित्त करून सर तो घरी घेऊन आले. आई तेव्हा खेड्याहून आली होती. तिला समोर बसवून सरांनी यंत्र चालू केलं. ती टेप मी इतक्यांदा ऐकली आहे की पाठ झाली.

"हे काय होय रे? हे चाक काहून फिरून राहिलं?"

"तू बोल, माय. तुझा आवाज यात भरून राहिला."

"तो भरून राहिला, अन मी काय रिकामी होऊन राहिली?"

"काहीही सांग. अंबाडीची भाजी कशी करते, ते सांग."

"तुले काय कराचं भाजीचं? तुई बायको करत नाही का?"

मग तिने अंबाडीची भाजी सांगितली. ज्वारीच्या कण्या किती, तुरीची डाळ किती, लसणाची फोडणी वरून कशी घालायची, आणि थोरल्या सुनेच्या हातची कशी गिळगिळीत होते. एवढ्यात दारावर कोणीतरी आलं म्हणून सर उठून गेले. यंत्र चालूच राहिलं. म्हातारी काकूंकडे वळून खालच्या आवाजात काहीतरी बोलली, सरांची पावलं वाजली आणि टेप संपली.

पुढच्याच हिवाळ्यात आई गेली. नंतर सरांनी एक जुना टेपरेकॉर्डर स्वतःसाठी मिळवला तो या टेपपायी. ते शेवटचं बोलणं कधी उलगडलं नाही. त्यांच्या स्पीकरवर तिथे नुसती गुणगुण ऐकू येई. "काय म्हणे वं माय तथी?" ते काकूंना विचारत. काकू म्हणत, "मले काय आठवते? दूध उतू जाऊन राहिलं, असं काही म्हणत असन."

आवाजाच्या प्रयोगांसाठी आमच्याकडे नादकाट्यांची एक लाकडी पेटी होती. पोलादाचे तेरा काटे, जाड आवाजापासून पार किड्यासारख्या बारीक आवाजापर्यंत ओळीने लावलेले. महिन्यातून एकदा, तास नसताना, सर ही पेटी घेऊन खिडकीशी बसत. एकेक काटा रबरावर ठोकायचा, कानाशी धरायचा, परत ठेवायचा. मला वाटे, काटे तपासत असतील. मग माझ्या लक्षात आलं की ते ओळीच्या शेवटापर्यंत जात नाहीत. आधी ते दहाव्या काट्याशी थांबत. वर्षभराने नवव्याशी. त्यानंतरच्या पावसाळ्यात ते सातवा ठोकून कानाशी धरून बसले होते, आणि मी खोलीच्या दुसऱ्या टोकाला तो स्वच्छ ऐकत होतो. सरांनी तो बोटाला टेकवून पाहिला, थरथरतो आहे की नाही ते. मग पेटी बंद केली. मी कपाट आवरत असल्याचं दाखवलं.

त्यांचे वडील पंचेचाळिशीत ठार बहिरे झाले होते. गावातले पोट्टे मागून डबा वाजवत चालायचे आणि म्हातारा वळून पाहत नाही म्हणून हसायचे. शेवटी ते गावात येईनासे झाले, शेतातल्या खोपडीतच राहू लागले. हे सरांनी मला एकदाच सांगितलं, तेही हसत, आणि लगेच बॅटरीच्या ॲसिडकडे वळले. कॉलेजात ते स्वतःचं कमी ऐकू येणं फार कौशल्याने लपवत. "मागचे पोट्टे पुढं या" म्हणत, प्रश्न विचारणाऱ्याला जवळ बोलावत, त्याच्या ओठांकडे पाहत. आणि नाहीच कळलं तर म्हणत, "प्रश्न चांगला आहे. तुम्हीच विचार करा."

एकसष्टच्या सुमाराला अकोल्याच्या लालजीभाईंचा निरोप आला. लालजीभाई एका जिनिंग फॅक्टरीचे मालक. त्यांनी हौसेने परदेशातून दोन बडे स्पीकर आणवले होते, वऱ्हाडात तसे दुसरे कोणाकडे नसावेत. आता ते मुंबईला राहायला जाणार होते. सरांनी वर्षानुवर्षं त्यांची यंत्रं दुरुस्त केली होती, त्याची आठवण ठेवून एक स्पीकर सरांना द्यायचा, असं त्यांनी ठरवलं. "मास्तरसाहेब, आधी तुम्ही निवडा. उरेल तो माझा," असं म्हणून दोन्ही त्यांनी कापसाच्या ट्रकवर घालून आठ दिवसांसाठी अमरावतीला पाठवले.

एक होता कपाटाएवढा, अक्रोडाच्या लाकडाचा, आत परातीएवढा एकच पडदा. दुसरा उंच, अरुंद, बारीक पायांवर उभा. खाली लहान पडदा आणि वर बारीक आवाजांसाठी एक वेगळा पत्र्याचा कर्णा. काकूंनी दोघांकडे पाहिलं आणि नावं ठेवून टाकली : हत्ती आणि बगळा.

सर मला म्हणाले, "तायडे, रविवारी या. माझे कान सर्दीनं बसले आहे. तुमाले निवडाचं आहे." ऑक्टोबरचं ऊन पडलं होतं, सर्दीचं काही चिन्ह नव्हतं. "माहे कान?" माझ्या तोंडून पातूरची बोली निघाली. सर म्हणाले, "तुमचे कान कोऱ्या पाटीवाणी आहे. कोण्या घराण्याचे नाही, कोण्या बुवाचे नाही. अन दोन काट्यातला फरक तुम्ही माझ्याआधी सांगता, हे मी पाह्यलं आहे."

रविवारी दुपारी गेलो. सरांनी स्पीकरांपुढे दोरीवर चादर टांगली होती. जमिनीवर खडूने दोन खुणा केल्या होत्या, एक माझ्या खुर्चीसाठी आणि एक त्यांच्या. खुणेवरून हलायचं नाही. डोळ्यांनी ऐकायचं नाही. पहिला किंवा दुसरा, एवढंच सांगायचं.

पहिला लागला तेव्हा पखवाजाने छातीचं हाड हाललं. चादर असली तरी हा हत्ती, हे कोणीही सांगितलं असतं. सरांचा चेहरा उजळला. "जमीन थरथरली, समजलं का?" मग दुसरा लागला. सर पुढे झुकले, थांबले, आणि माझ्याकडे पाहू लागले. ते काय पाहताहेत हे कळायला मला क्षणभर लागलं. गाणं सुरू झालं की नाही, हे ते माझ्या तोंडावरून ओळखत होते.

मग त्यांनी आईची टेप लावली. हत्तीवर आई भारदस्त वाटली, एखाद्या मोठ्या देवळात बसल्यासारखी. शेवटी तीच ती गुणगुण. मग बटण फिरलं आणि तेच रीळ बगळ्यावर लागलं. म्हातारी खोलीत आली होती. तिच्या बांगड्यांचा आवाज होता, दात नसलेल्या तोंडातून येणारा वारा होता. कण्या, डाळ, फोडणी. सरांची पावलं दाराकडे गेली. आणि मग, हळू पण प्रत्येक शब्द सुटा :

"याले पहिल्यावाणी ऐकू येऊन नाही राह्यलं, वं सूनबाई. त्याच्या बापाचं असंच सुरू झालं होतं. तू याच्या उजव्या आंगानं बसून बोलत जाय. पण त्याले काही म्हणू नको. आपलं हासं झालं असं वाटन त्याले."

मी मान वर केली. स्वयंपाकघराच्या दारात काकू हातात उलथनं घेऊन उभ्या होत्या. त्यांनीही ऐकलं होतं. त्यांनी माझ्याकडे पाहून एकदाच मान हलवली. नाही.

सरांनी चादर काढली. "बोला, तायडे. पहिला का दुसरा? माझा लिहाज ठेवू नका. आज मी माझे कान नाही, तुमचे कान लावून बसलो आहे."

"पहिला, सर."

"अन मायचं शेवटलं? कोणावर समजलं का?"

"नाही सर. दोन्हीवर नाही."

"मलेही पहिलाच वाटला होता!" असं म्हणत त्यांनी हत्तीला दोन्ही हातांनी कवटाळलं. एवढ्या आनंदात मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं. काकूंनी त्या दिवशी गोडाचा शिरा केला. फाटकापर्यंत माझ्यासोबत आल्या आणि म्हणाल्या, "चांगलं केलं तुमी." त्या वेळी मलाही तसंच वाटलं.

आज विचार करतो तेव्हा माझी मलाच लाज वाटते. काकूंनी खुणावलं ते आईच्या वाक्याबद्दल. स्पीकर कोणता घ्यावा हे त्यांनी सांगितलं नव्हतं. मी वाक्य लपवून बगळा सुचवू शकत होतो. पण बगळा घरात आला असता तर ते वाक्यही रोज घरात आलं असतं, असं मला वाटलं. शिवाय सरांचा चेहरा मी पाहिला होता. आणि ज्या माणसाने मला घरात घेतलं, त्याला तोंडावर 'तुमचे कान गेले' असं सांगण्याची आमच्याकडे रीत नव्हती. आम्ही उपकाराची फेड होकाराने करत होतो. सर माझ्याकडे पहिल्यांदा काहीतरी मागत होते, आणि ते होतं फक्त खरं बोलणं.

पुढे एका कानाच्या डॉक्टरशी बोलताना कळलं, सरांचे बारीक आवाज जात होते, आणि शब्द त्या बारीक आवाजांवरच उभे असतात. बगळ्याचा कर्णा नेमका तेच काम करत होता. आवाज वाढवून, त्याच्याजवळ बसून ऐकलं असतं, तर आईचे शब्द त्यांना आणखी काही वर्षं समजले असते. पण त्या दुपारी सर खडूच्या खुणेवर बसून राहिले. नियम त्यांचाच होता.

चूक सुधारायला मला दोन महिने मिळाले होते. लालजीभाई डिसेंबरअखेर मुंबईला गेले. तोवर बगळा अकोल्याला त्यांच्या बंगल्यात होता. मधल्या काळात मी बडनेऱ्याहून गाडी धरून पातूरला घरी गेलो, तेव्हा अकोल्यात उतरून त्या बंगल्यावरून पायी गेलो. खिडकीतून त्याचा कर्णा दिसत होता. परत आलो की सरांना सांगायचं, असं ठरवलं. परत आलो तर सर स्टाफरूममध्ये सगळ्यांना सांगत होते, "याच्यासारखे कान मी पाह्यले नाही. डोळे बांधून निवडला यानं." मी चहा घेतला आणि तासाला निघून गेलो.

त्यानंतर तीनेक वर्षांनी एका सकाळी सर फळ्याकडे तोंड करून लिहीत असताना मागच्या बाकावरच्या मुलांनी बाक वाजवायला सुरुवात केली. हळूहळू सगळा वर्ग वाजवू लागला. सर लिहीतच होते. मी शेजारच्या खोलीतून धावत आलो तेव्हा ते नुकतेच वळले होते आणि समोर सगळे हसत होते. त्यांनी खडू टेबलावर ठेवला, हात झटकले आणि माझ्या बाजूने निघून गेले. महिन्याभरात राजीनामा दिला आणि काकूंचं माहेर अकोल्याला होतं तिथे राहायला गेले. हत्ती मालगाडीने गेला. तो नीट पोचल्याचं कार्ड मला आधी आलं, स्वतः पोचल्याचं नंतर.

त्यांची कार्डं येत राहिली. एका कार्डात लिहिलं होतं : "माय आता दुसऱ्या खोलीतून बोलल्यासारखी वाटते. शब्द लागत नाहीत. दोष स्पीकरचा नाही, तो तर तुम्ही निवडलेला आहे. माझेच कान खराब झाले असावेत." त्यांनी आपल्या कानांबद्दल मला लिहिलेलं हे पहिलं वाक्य. मी उत्तरात तब्येतीची चौकशी केली.

शेवटचं भेटलो ते अडुसष्टच्या जानेवारीत, अकोल्याच्या घरी. सरांना आता काहीच ऐकू येत नव्हतं. बोलत मात्र होते, जरा मोठ्याने. आपण बोलायचं ते एका वहीत पेन्सिलीने लिहून द्यायचं. अंगणाकडच्या खोलीत अर्धी भिंत हत्तीनेच व्यापली होती. काकू खाली बसून तुरीच्या शेंगा सोलत होत्या.

"बरं झालं आले," सर म्हणाले. "एक काम आहे. फीत झिजून राहिली, तपकिरी भुकटी पडून राहिली तिची. पुरी झिजाच्या आधी मायचं बोलणं कागदावर उतरवून द्या. मी वाचत जाईन."

त्यांनी टेप लावली आणि हत्तीच्या अंगावर तळहात ठेवून उभे राहिले. मी लिहू लागलो. चाक काहून फिरून राहिलं. मी काय रिकामी होऊन राहिली. कण्या, डाळ, फोडणी, थोरली सून. मग पावलं वाजली आणि गुणगुण सुरू झाली. मी पेन्सिल थांबवली.

काकू शेंगांवरची नजर न काढता, नेहमीच्या आवाजात, सरांच्या समोरच म्हणाल्या, "लिहा आता, तायडे. किती वर्सं पोटात ठेवाचं? मले आता नाही ठेवल्या जात."

मी ते लिहिलं. त्या रविवारी ऐकलं होतं तसं, शब्दाला शब्द. सरांनी वही घेतली, चष्मा चढवला. वाचताना त्यांचे ओठ हलत होते. संपल्यावर पुन्हा वरून वाचलं.

"मायले माहीत होतं?" ते म्हणाले. मग काकूंकडे वळले. "अन तुलेही?"

काकूंनी मान डोलावली.

"म्हणून तू जेवताना उजव्या आंगाले बसत होती! मी म्हणो, हिले खिडकीचा वारा पाहिजे." ते हसायला लागले. हसता हसता चष्मा काढला आणि धोतराच्या टोकाने कितीतरी वेळ पुसत राहिले. "मी सगळ्या जगापासून लपवून राहिलो होतो अन घरातल्या घरात सगळ्याईले माहीत. काय येडा माणूस!"

मग त्यांना काहीतरी सुचलं. चष्मा लावून ते माझ्याकडे आले, वही माझ्यापुढे केली.

"तायडे, हे तुमाले आज समजलं? या स्पीकरवर?"

पेन्सिल माझ्या हातात होती. दोन ओळींत सगळं मावलं असतं. मी काकूंकडे पाहिलं. या वेळी त्यांनी मान हलवली नाही. त्या शेंगा सोलत होत्या. मला अडवणारं खोलीत कोणी नव्हतं. सर वाट पाहत होते, एक हात हत्तीवर होता.

मी लिहिलं, "हो."

आईच्या शब्दांच्या खालीच, माझ्या अक्षरात. सरांनी ते वाचलं आणि वही काकूंपुढे धरली.

"पाह्य," ते म्हणाले, "अन आपण चुकून तो बगळा घेऊन बसलो असतो तर?"

काकूंनी वही हातात घेतली नाही.